चौकशी बसली, गुन्हा उठला

कायद्याचं राज्य बघायचं असेल तर इंग्लंडात जा, असं सांगणारे काका-मामा प्रत्येक मराठी घराने सोसलेले आहेत. "अरे, तिकडे पंतप्रधानालासुद्धा दंड होतो!" होतो ना. बोरिस जॉन्सन यांना २०२२ साली झाला. करोनाची टाळेबंदी त्यांनीच लावली, डाउनिंग स्ट्रीटवर स्वतःच्या वाढदिवसाला त्यांनीच मोडली आणि लंडनच्या पोलिसांनी त्यांच्याकडून वसूल केले ५० पौंड. त्याच वाढदिवसाला हजर असलेले अर्थमंत्री ऋषी सुनक यांनाही तेवढेच. ते त्याच वर्षी पंतप्रधान झाले. तीसहून जास्त माणसं जमवून पार्टी करणाऱ्या सामान्य नागरिकासाठी याच सरकारने दर ठरवला होता १०,००० पौंड. घाऊक आणि किरकोळ भावात फरक राहणारच.

या पार्ट्यांची एक अंतर्गत चौकशीही झाली. ती करणाऱ्या सनदी अधिकारी सू ग्रे पुढे विरोधी पक्षनेते कीअर स्टार्मर यांच्या कार्यालयाच्या प्रमुख झाल्या, स्टार्मर पंतप्रधान झाल्यावर तीन महिन्यांत तिथून पायउतार झाल्या आणि मग उमराव होऊन हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये गेल्या. चौकशीने कुणाचं भलं होत नाही, असं कोण म्हणतं?

ब्रिटनमध्ये छोटा गुन्हा घडला की पोलिस येतात. मोठा घडला की निवृत्त न्यायमूर्ती येतात. येताना वकिलांचा ताफा, कागदपत्रांचे लाखो नग आणि 'धडे घेण्याची' भाषा घेऊन येतात. 'इन्स्टिट्यूट फॉर गव्हर्न्मेंट' या संस्थेने २०१७ साली हिशेब मांडला: १९९० पासून अशा ६८ सार्वजनिक चौकश्या, खर्च किमान ६३ कोटी ९० लाख पौंड. त्यातल्या सहाच चौकश्यांचा संसदीय समितीने शेवटपर्यंत पाठपुरावा केला. बाकीच्या ६२ अहवालांना कातडी बांधणी आणि ग्रंथालयातली थंड जागा मिळाली असावी.

लोकांचा संताप ताजा असतो तेव्हा झोंबतो. त्याचा मुरंबा घातला की दहा वर्षं टिकतो आणि चवीला गोडही लागतो. यासाठी ब्रिटनने २००५ साली खास कायदा केला आहे. त्याचं दुसरं कलम सरळ सांगतं, की चौकशीने कुणाचीही दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी ठरवायची नाही, तो अधिकारच तिला नाही. चौकशी बसवायची की नाही हे मंत्री ठरवणार, अध्यक्ष मंत्री नेमणार, कार्यकक्षाही मंत्रीच आखणार. आरोप बहुतेक वेळा मंत्र्याच्याच खात्यावर असतो, ही किरकोळ बाब.

आणि अहवालात एखाद्यावर ठपका यायचा असेल तर त्याला तो आधी कळवून उत्तराची संधी द्यायची, हा आणखी एक रिवाज. तत्त्व म्हणून चांगलंच आहे. पण या रिवाजाला नाव पडलं आहे ते रॉबर्ट मॅक्सवेल यांच्यावरून. १९७०च्या दशकात आपल्यावर टीका करणाऱ्या सरकारी अहवालाविरुद्ध ते कोर्टात गेले होते. १९९१ साली हे वृत्तपत्रसम्राट वारले, तेव्हा त्यांनी आपल्याच कामगारांच्या पेन्शन फंडांतून कोट्यवधी पौंड उचलल्याचं उघड झालं. ब्रिटिश न्यायबुद्धीने आपल्या नाजूक औचित्याला नाव द्यायला माणूस बघून निवडला.

इराक युद्धाची चिलकॉट चौकशी २००९ साली बसली आणि २०१६ साली उठली. शब्द २६ लाख. महाभारताला मागे टाकणारा ऐवज. पण महाभारतात निदान दुर्योधनाची मांडी तरी फुटते. इथे टोनी ब्लेअर यांना २०२२च्या नववर्षदिनी 'ऑर्डर ऑफ द गार्टर' मिळाली आणि ते सर झाले.

आता पोस्टाची गोष्ट. ही जरा सावकाश सांगतो, कारण तिच्यात आपली माणसं बरीच आहेत. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत पोस्ट चालवतो तो पुष्कळदा सरकारी नोकर नसतो. पदरचे पैसे घालून दुकान घेतलेला तो कंत्राटी चालक असतो, एका बाजूला पाव-दूध-वर्तमानपत्रं विकतो आणि दुसऱ्या बाजूला तिकिटं आणि पेन्शन. यात गुजराती, पंजाबी आणि इतर भारतीय वंशाची कुटुंबं भरपूर. १९९९ पासून त्यांच्या गल्ल्यावर 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली बसवण्यात आली. बनवणारी कंपनी फुजित्सू. ही प्रणाली अधूनमधून हवेतून तूट निर्माण करायची. पडद्यावर हजारो पौंड कमी दिसायचे आणि कंत्राट म्हणायचं, तूट चालकाने भरायची. मदतीच्या क्रमांकावर फोन केला तर उत्तर मिळायचं, अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच. हे 'एकटेच' शेकड्यांनी होते.

इंग्लंडात पोस्टाला एक जुनी सोय आहे. पोलिस नको, सरकारी वकील नको. पोस्ट स्वतःच तपास करून स्वतःच खटला भरू शकतं. म्हणजे फिर्यादी पोस्ट, तपास पोस्टाचा आणि पुरावा पोस्टाच्या संगणकाचा. त्यात १९९९ सालीच कायद्यातली एक अट काढून टाकण्यात आली होती. त्याआधी संगणकाचा कागद पुराव्यात आणायचा तर संगणक नीट चालत होता हे दाखवावं लागे. नंतर तो नीटच चालतो असं गृहीत धरण्यात आलं. माणूस मात्र पूर्वीसारखाच संशयास्पद राहिला. परिणाम असा की १९९९ ते २०१५ या काळात ९००हून जास्त पोस्टचालक चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांखाली दोषी ठरले. सरी परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिस्रा यांना २०१० साली १५ महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्या गरोदर होत्या आणि तो दिवस त्यांच्या मोठ्या मुलाच्या दहाव्या वाढदिवसाचा होता. पोस्टाच्या तपासनीसांना संशयितांची वंशानुसार वर्गवारी करायला दिलेला एक कागदही नंतर बाहेर आला. त्यातली भाषा राणी व्हिक्टोरियाच्या काळात शोभली असती. पोस्टाने माफी मागितली. माफी तिथे टपालासारखी वेळेवर येते. टपाल येतं की नाही, ते तिथल्या लोकांना विचारा.

'कॉम्प्युटर वीकली' या पत्राने हे प्रकरण २००९ सालीच छापलं होतं. ॲलन बेट्स नावाचा वेल्समधला एक पदच्युत पोस्टचालक वर्षानुवर्षं चिवटपणे मागे लागला होता. २०१९ साली ५५५ जणांनी मिळून दावा जिंकला. तडजोडीत मिळाले ५ कोटी ७७ लाख पौंड. वकील आणि खटल्याला पैसे पुरवणारे यांचं देणं भागवल्यावर उरले सुमारे १ कोटी २० लाख. त्या खटल्यात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी पोस्टाच्या भूमिकेची तुलना पृथ्वी सपाट आहे असं म्हणण्याशी केली. आणि त्याच २०१९ सालच्या नववर्ष सन्मानयादीत पोस्टाच्या मुख्य अधिकारी पॉला व्हेनेल्स यांना 'सीबीई' किताब होता, पोस्टाच्या सेवेबद्दल. बाई चर्चच्या दीक्षित धर्मोपदेशकही आहेत. क्षमेचं महत्त्व त्यांना वेगळं सांगायला नको.

२०२० साली चौकशी बसली. तिचं कामकाज चालू असताना, जानेवारी २०२४ मध्ये आयटीव्ही वाहिनीने या प्रकरणावर चार भागांची मालिका दाखवली आणि देश खडबडून जागा झाला. दहा लाखांवर लोकांनी सह्या केल्यावर व्हेनेल्सबाईंनी किताब परत केला. मालिका संपून आठवडाही उलटला नव्हता, तेव्हा पंतप्रधान सुनक यांनी सरसकट निर्दोष ठरवणारा कायदा जाहीर केला आणि मे महिन्यात तो झालाही. कोर्ट, संसद, पत्रकार आणि न्यायमूर्ती यांना जे वर्षानुवर्षं जमलं नाही ते चार रात्रींच्या टीव्हीने केलं. ब्रिटिश न्यायव्यवस्थेत हायकोर्टाच्या वर अपील कोर्ट, त्याच्या वर सुप्रीम कोर्ट आणि त्याच्याही वर रात्री नऊची वेळ.

जुलै २०२५ मध्ये न्यायमूर्ती विन विल्यम्स यांच्या अहवालाचा पहिला खंड आला. या प्रकरणामुळे किमान १३ जणांनी जीव दिला असण्याची शक्यता त्यात नोंदवली आहे. पोस्ट किंवा फुजित्सूचा कोणी अधिकारी तोवर तुरुंगात? पोलिस सांगत होते, खटले इतक्यात नाहीत, आधी अहवाल पुरा होऊ द्या. गरोदर बाईला आत टाकताना कुठल्या खंडाची वाट बघितली नव्हती.

ग्रेनफेल टॉवरची तऱ्हा तीच. लंडनच्या केन्सिंग्टनमध्ये, देशातल्या सगळ्यात श्रीमंत वस्त्यांच्या शेजारी, गरिबांची २४ मजली इमारत. ती दिसायला बरी व्हावी आणि आत ऊब राहावी म्हणून बाहेरून ज्या पत्र्यांनी मढवली, त्यांच्या पोटात पेट घेणारं प्लास्टिक होतं. १४ जून २०१७च्या रात्री चौथ्या मजल्यावरच्या फ्रिजने पेट घेतला आणि ७२ माणसं गेली. इथले रहिवासी आधीपासून लिहून-लिहून थकले होते, की आम्ही मेल्याशिवाय तुम्ही ऐकणार नाही. अंदाज अचूक होता, फक्त एक चूक झाली: मेल्यावरही ऐकायला सात वर्षं लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये अंतिम अहवाल आला. सगळे मृत्यू टाळता आले असते, असं न्यायमूर्ती मूर-बिक यांनी सांगितलं आणि माल विकणाऱ्या कंपन्यांच्या पद्धतशीर अप्रामाणिकपणावर बोट ठेवलं. पोलिसांनी मात्र आधीच कळवलं होतं, की कुणावर आरोप ठेवायचे हे २०२६ संपेपर्यंत तरी ठरणार नाही.

मध्ये आणखी एक गंमत. २०२० साली इमारतीच्या कामाशी संबंधित लोकांनी साक्षीआधी सांगितलं, की आमचे शब्द उद्या आमच्याच विरुद्ध वापरणार असाल तर आम्ही तोंड उघडणार नाही. ॲटर्नी जनरलनी लगेच हमी दिली, साक्षीत जे बोलाल ते तुमच्यावरच्या खटल्यात वापरणार नाही. मग तोंडं उघडली आणि प्रत्येक तोंडातून शेजाऱ्याचं नाव बाहेर पडलं.

ग्रेनफेलपायी तुरुंगात कुणी गेलंच नाही असं मात्र समजू नका. आम्ही त्या इमारतीत राहत होतो असं खोटं सांगून हॉटेलची खोली आणि मदतीचे पैसे लाटणारे डझनाहून जास्त भामटे पकडले गेले, दोषी ठरले, आत गेले. तेही वर्षा-दोन वर्षांत. योग्यच झालं, भामटेगिरीच ती. पण ७२ प्रेतांच्या इमारतीतून कायद्याला पहिल्यांदा सापडला तो हॉटेलची खोली लाटणारा.

तर वेग नाही असं नाही. २०११च्या लंडन दंगलींत कोर्टं रात्रभर चालली. ब्रिक्स्टनच्या सुपरमार्केटमधून साडेतीन पौंडांच्या पाण्याच्या बाटल्या उचलणाऱ्या विद्यार्थ्याला सहा महिने झाले. तेव्हाचे सरकारी अभियोग संचालक कोण? कीअर स्टार्मर. २०२४ साली साउथपोर्टमध्ये तीन चिमुरड्या मुलींची हत्या झाली, अफवा उठली आणि गुंडांनी मशिदीवर हल्ला केला. दंगल ३० जुलैची, पहिल्या शिक्षा ७ ऑगस्टला. पंतप्रधान कोण? तेच. त्या दंगलखोरांबद्दल माझ्या मनात ओली सहानुभूती नाही, शिक्षा रास्तच होत्या. फक्त आठ दिवसांत हे जमतं एवढं सिद्ध झालं. तुरुंग मात्र इतके भरले होते, की १० सप्टेंबरला सुमारे १,७०० कैदी मुदतीआधी सोडावे लागले; काहींनी फाटकाबाहेर फेसाळ वाइन उडवून सरकारचे आभार मानले. पुढच्या ऑगस्टात बंदी घातलेल्या 'पॅलेस्टाइन ॲक्शन' या संघटनेच्या समर्थनाच्या पाट्या हातात धरल्या म्हणून लंडनमध्ये एका दिवसात पाचशेच्या वर लोक उचलले. त्यात निम्म्याच्या आसपास साठी उलटलेले. गुडघे धरून पोलिसगाडीत चढणारी अतिरेक्यांची ही फळी बघून ब्रिटन सुरक्षित आहे याची खात्री पटली.

कोर्टांची अवस्था अशी, की इंग्लंड-वेल्सच्या क्राउन कोर्टांत ८० हजारांच्या घरात खटले तुंबले आहेत. त्यावर न्यायमंत्री डेव्हिड लॅमी यांनी डिसेंबर २०२५ मध्ये उपाय सुचवला: तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे बरेच खटले ज्युरीशिवाय चालवू. याच लॅमींनी २०१७ साली एक गाजलेला अहवाल लिहिला होता. कृष्णवर्णीय आणि अल्पसंख्याकांना न्यायव्यवस्थेत कुठे-कुठे अन्याय्य वागणूक मिळते ते तपासताना त्यांना एक जागा बऱ्यापैकी निःपक्षपाती सापडली. ती म्हणजे ज्युरी. अहवाल लिहिल्याचा हा तोटा: दुसऱ्याचा असता तर वाचला नाही म्हणून सुटता आलं असतं.

रॉदरहॅमबद्दल लिहिताना मात्र विनोद सुचत नाही. १९९७ ते २०१३ या काळात त्या एका गावात किमान १,४०० मुलांचं, त्यातही बहुतेक मुलींचं, लैंगिक शोषण झालं, असं अलेक्सिस जे यांनी २०१४ साली नोंदवलं. माहीत असलेले बहुतेक आरोपी पाकिस्तानी वंशाचे होते. पोलिस आणि समाजसेवा खातं पोरींनाच वाया गेलेल्या समजत होतं. पुढे याच जे यांच्या अध्यक्षतेखाली देशव्यापी चौकशी अनेक वर्षं चालली, २०२२ साली २० शिफारशी आल्या आणि त्यातली एकही नीट अमलात आली नाही, ही खंत जे यांनाच जाहीरपणे बोलून दाखवावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनी अमेरिकेतून ठणाणा केला. नव्या चौकशीची मागणी करणारे अतिउजव्यांच्या गाडीत बसताहेत, असं स्टार्मर म्हणाले. जूनमध्ये लुईस केसी यांचा अहवाल आला, की दोन-तृतीयांश गुन्हेगारांचा वंश पोलिसांनी टिपलेलाच नाही. आणि स्टार्मर त्याच गाडीत चढले. ऑक्टोबरपर्यंत नव्या चौकशीच्या सल्लागार मंडळातून पीडित स्त्रियाच राजीनामे देऊन बाहेर पडू लागल्या होत्या. उजव्यांना स्त्रियांची अब्रू आठवते ती आरोपी सावळा असला की, आणि डाव्यांना ऐकू येईनासं होतं तेही आरोपी सावळा असला कीच. त्या पोरींचा पक्ष कोणता होता, ते कुणी विचारलं नाही.

साहेबाचं हे तंत्र आपल्याला नवं नाही. जालियनवाला बागेनंतर १९१९ साली हंटर समिती बसली. मुंबईचे नामांकित वकील चिमणलाल सेटलवाड तिचे सदस्य होते. बोळ अरुंद नसता, चिलखती गाड्या आत गेल्या असत्या तर मशीनगन चालवल्या असत्या का, असं त्यांनी जनरल डायरला विचारलं आणि डायरने शांतपणे होकार भरला. भारतीय सदस्यांनी वेगळा अहवाल लिहिला. खटला? छे! डायरला पदावरून दूर केलं, हाऊस ऑफ लॉर्ड्सने त्याच्या बाजूने ठराव केला आणि 'मॉर्निंग पोस्ट'च्या वाचकांनी वर्गणी काढून त्याला २६ हजार पौंडांहून जास्त रक्कम दिली. १९७२ साली डेरीत लष्कराने १३ निःशस्त्र आयरिश नागरिक टिपले, तेव्हा पहिल्या चौकशीने काही आठवड्यांत सैनिकांवर पांघरूण घातलं. दुसरी १९९८ ते २०१० चालली, १९ कोटी पौंड गिळून म्हणाली, मेलेले निर्दोष होते. पंतप्रधान कॅमेरून यांनी माफी मागितली. ऑक्टोबर २०२५ मध्ये खुनाचा आरोप असलेला एकमेव सैनिक पुराव्याअभावी सुटला. घटनेला ५३ वर्षं झाली होती.

लिव्हरपूलच्या ९७ फुटबॉलप्रेमींचं काय झालं ते सांगून थांबतो. १९८९ साली शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानात चेंगरून त्यांचा जीव गेला. पोलिसांनी दारू प्यायलेल्या प्रेक्षकांवर खापर फोडलं आणि आपल्याच शिपायांचे जबाब बदलले. २७ वर्षांनी ज्युरीने सांगितलं, मृत्यू बेकायदा होते. पोलिस अधिकारी डकनफिल्ड २०१९ साली निर्दोष सुटले. शिक्षा झाली ती फक्त यजमान क्लबच्या तेव्हाच्या सचिवाला, सुरक्षेच्या नियमभंगाबद्दल: ६,५०० पौंड दंड. माणशी ६७ पौंड पडले. जॉन्सनच्या केकपेक्षा १७ जास्त.

या ९७ जणांच्या आप्तांनी एकच मागणी लावून धरली, की अधिकाऱ्याने चौकशीत खोटं बोलणं हा गुन्हा ठरवा. म्हणजे इतकी वर्षं तो पुरेसा गुन्हा नव्हता. १५ एप्रिल २०२५च्या स्मृतिदिनाआधी कायदा मांडू, असा शब्द स्टार्मर यांनी दिला. तारीख उलटली. सप्टेंबरात विधेयक आलं, आप्तांनी टाळ्याही वाजवल्या. मग २०२६ उजाडता-उजाडता घोडं पुन्हा अडलं. खरं बोलण्याची सक्ती गुप्तहेर खात्यांना कितपत लागू करायची, यावर सरकारला आणखी थोडा विचार करायचा होता.